एक नारळ येणे बाकी

कॅरिबियन समुद्रातल्या क्रूझला जायचं कबूल केलं तेव्हा लक्ष्मीकांतराव औंढेकरांचं लक्ष टीव्हीवरच्या मॅचकडे होतं. पुढे जे जे काही झालं त्याचं मूळ या एका गोष्टीत आहे. मॅच बघताना नवऱ्यानं बायकोला 'हो' म्हणू नये असा एखादा नियम ते राहत होते त्या कुवेतमध्ये तरी असायला हवा होता. बाकी सगळ्या गोष्टींचे आहेत.

"अंतरा आपलं क्रूझचं बुकिंग करतेय. जमैकाला थांबणारी बोट आहे," मंदा म्हणाली.

"हो."

"बोटीवर पाय ठेवायच्या आधी समुद्राला नारळ द्यायचा."

"हो, देऊ की."

"आणि गाऱ्हाणं तुम्ही घालायचं."

तेवढ्यात कुणाचा तरी त्रिफळा उडाला आणि लक्ष्मीकांतराव सोफ्यावरून अर्धे उठून ओरडले, "हो, हो, हो!" झालं. मंदानं तीन हो मोजून घेतले आणि कॅनडात शिकणाऱ्या लेकीला, अंतराला, फोन लावला.

मॅच संपल्यावर लक्ष्मीकांतराव भानावर आले. "कसलं गाऱ्हाणं म्हणालीस?"

आता, गाऱ्हाणं म्हणजे तळकोकणात देवाशी केलेली मोठ्या आवाजातली बातचीत. एकानं देवाला सगळं सांगायचं, मागायचं, चुकलंमाकलं कबूल करायचं, आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'होय म्हाराजा' म्हणून दुजोरा द्यायचा. मंदा मालवणजवळच्या देवबागची, तिला हे दुधाबरोबर मिळालेलं. लक्ष्मीकांतराव परभणीचे. परभणीचा माणूस देवापुढे हात जोडतो, डोळे मिटतो आणि जे काय मागायचं ते मनातल्या मनात मागतो, कारण शेजारी उभ्या असलेल्या माणसाला ते कळता कामा नये.

"मी कशाला? तू घाल की," ते म्हणाले. "तुमच्याकडचा देव, तुमच्याकडची भाषा."

"मी घातलं तर मला रडू येईल. आणि रडत घातलेलं गाऱ्हाणं देवाला नीट ऐकू जात नाही."

यावर लक्ष्मीकांतरावांनी टीव्ही बंद करून टाकला. कारण जमैकाची गोष्ट त्यांना लग्नापासून पाठ होती. मंदाचे वडील मालवाहू बोटीवर स्वयंपाकी होते. मुंबईहून बोट सुटायच्या आधी समुद्राला नारळ दिल्याशिवाय त्यांनी कधी बोटीवर पाऊल ठेवलं नाही. एकदा जमैकाहून परत आले तेव्हा लहानग्या मंदाला मांडीवर घेऊन म्हणाले होते, "थंयसर आपल्यासारकेच माड आसत गो. पण नारळ पाडूक कोण नाय. एक मीच पाडलंय नि तुज्या नावान समुद्रात सोडलंय. येतलो हळूहळू." मग काय! पोरगी रोज सकाळी देवबागच्या किनाऱ्यावर जाऊन उभी. वाहत आलेला प्रत्येक नारळ उलटासुलटा करून बघायची. गावातली पोरं तिला 'जमायका' म्हणून चिडवायची. वडील गेले, पोरगी मोठी झाली, लॅब टेक्निशियन होऊन कुवेतला आली, लग्न झालं, लेक झाली. तो नारळ काही आला नाही. आता तिला जमैकाला जाऊन वडिलांच्या नावानं उलट नारळ सोडायचा होता. गेली कित्येक वर्षं रजा मिळाली की औंढेकर मंडळी परभणीला तरी जायची, नाहीतर कुणाच्या तरी लग्नाला. स्वतःसाठी म्हणून मंदानं काही मागितलं असेल तर ते हे.

"बरं बरं. घालतो की. त्यात काय एवढं," लक्ष्मीकांतराव म्हणाले. सुलैबियात एका कोल्ड स्टोरेज कंपनीचे ते सीनियर अकाउंटंट होते. ऑडिटरांना तोंड देणारा माणूस देवाला घाबरतो होय?

ते राहायचे त्या जाब्रियाच्या इमारतीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. खालच्या मजल्यावरच्या बिल्कीस आपा मूळच्या हैदराबादच्या. त्या बिर्याणीचा डबा घेऊन समजूत घालायला वर आल्या.

"नक्को जाओ भाई, नक्को," त्या म्हणाल्या. "समंदर देखना है तो गल्फ रोड पे जाके देखो ना. इधर का समंदर क्या खराब है? उधर पानी का जहाज़ हिलता, उल्टियाँ होते. मेरे खालू को हुए थे. हज से आए तो आधे रह गए थे."

"आपा, वो बहुत बडा जहाज है. उसमें हिलता नहीं," लक्ष्मीकांतराव म्हणाले.

"बडा रहा तो बडा हिलता," आपा म्हणाल्या. हा युक्तिवाद बिनतोड होता. लक्ष्मीकांतरावांनी निमूटपणे त्यांच्याकडून आलं, लिंबू आणि चिंचेच्या गोळ्या घेतल्या.

खरा प्रश्न गाऱ्हाण्याचा होता. त्याच्या शिकवणीसाठी मंदानं त्यांना खैतानला महादेव परबांकडे लावून दिलं. परब एका हॉस्पिटलात एक्स-रे काढायचे आणि दर गणपतीला कुवेतमधल्या झाडून सगळ्या मालवणी मंडळींचं गाऱ्हाणं घालायचे. मंदाला बहीण मानत असल्यामुळे लक्ष्मीकांतराव त्यांचे भावजी, आणि कोकणात भावजीची टिंगल करणं हे पुण्यकर्मात मोडतं. त्यातून भावजी घाटावरचे.

"म्हणा भावजींनू. रे बा देवा म्हाराजा!"

"हे बाप्पा देवा महाराजा," लक्ष्मीकांतराव म्हणाले.

"अवो, तुमी देवाक हाक मारतास काय बँकेत अर्ज करतास?" परबांनी कपाळाला हात लावला. "पोटातसून येवक् होया. परत!"

लक्ष्मीकांतरावांनी सगळं गाऱ्हाणं कागदावर उतरवून घेतलं, अवघड शब्दांखाली रेघा मारल्या. ते पाहून परबांच्या चेहऱ्यावर एक्स-रेत काहीतरी वाईट दिसल्यासारखा भाव आला. "भावजींनू, गाऱ्हाणा पाठ करूचा नसता. घालूचा आसता," ते म्हणाले. पण लक्ष्मीकांतरावांचा पाठांतरावर विश्वास होता. सीए इंटरपर्यंतचा प्रवास त्यांनी त्याच बळावर केला होता.

मग सुरू झाली तयारी. रोज सकाळी सुलैबियाला जाताना काचा वर करून गाडीत गाऱ्हाणं. सिग्नलला शेजारच्या गाडीतला माणूस बघायला लागला की लक्ष्मीकांतराव फोनवर बोलत असल्यासारखं मान डोलवायचे. ऑफिसात जेवणाच्या सुटीत ते बटाट्याच्या गोदामात जायचे. तिथे आवाज छान घुमायचा आणि बटाटे काही बोलायचे नाहीत.

इकडे कागदपत्रांचा घोळ वेगळाच. पासपोर्टावर ते 'लक्ष्मीकांत' होते. सिव्हिल आयडीवर कुणा केरळी टायपिस्टनं मायेनं शेवटी एक एच लावून त्यांना 'लक्ष्मीकांथ' केलं होतं, आणि अरबीत ते वाचलं की 'लाकशमी' असं काहीतरी व्हायचं. ही तिन्ही माणसं एकच आहेत हे सिद्ध करताना त्यांना स्वतःलाच शंका यायला लागली. बोट मायामीहून सुटणार म्हणून लागणाऱ्या अमेरिकेच्या व्हिसाला ते हाताएवढी जाड फाईल घेऊन गेले. खिडकीपलीकडच्या बाईंनी फाईलकडे पाहिलंसुद्धा नाही. मंदाला विचारलं, क्रूझच का? मंदा म्हणाली, "माय फादर वॉज ऑन शिप्स." बाई हसल्या आणि व्हिसा मिळाला. लक्ष्मीकांतरावांना विचारलं फक्त एवढंच, "आणि तुम्ही?" "हजबंड," ते म्हणाले. फाईल घरी आणताना त्यांना ती फारच जड लागली.

शेवटची अडचण मुदीरसाहेबांची, म्हणजे ऑफिसातल्या इजिप्शियन बॉसची. आता देशाबाहेर पाऊल टाकायचं तर मोबाईलवरच्या अर्जाला कंपनीची मंजुरी लागते. अर्ज करून झाला होता. मुदीर रोज हसून "बुकरा, इन्शाल्ला" म्हणायचे, म्हणजे उद्या. उद्याची पुन्हा बुकरा व्हायची. अशात एके दुपारी लक्ष्मीकांतराव बटाट्याच्या पोत्यांसमोर हात वर करून, डोळे मिटून, पोटातसून ओरडले, "ईडापीडा टाळ रे म्हाराजाऽऽ!" आणि डोळे उघडले तर दारात मुदीर.

"मिस्टर लक्ष्मी," मुदीर अगदी हळू आवाजात म्हणाले, "इन्ता ताआबान?" म्हणजे, बाबा रे, थकलास का?

लक्ष्मीकांतराव ओशाळून म्हणाले, "लिटल बिट, सर."

मुदीरनी खिशातून फोन काढला आणि तिथल्या तिथे मंजुरी देऊन टाकली. वर खांद्यावर हात ठेवून दोन दिवस जास्तीची रजाही दिली. देव ऐकतो ते हे असं, असं परब नंतर म्हणाले. लक्ष्मीकांतरावांचा स्वाभिमान मात्र बरेच दिवस दुखत होता.

निघायच्या आदल्या दिवशी मंदानं सुलैबियाच्या बाजारातून आणलेला नारळ देव्हाऱ्यात ठेवला. चांगला गरगरीत, पाण्याचा, डोक्यावर भरघोस शेंडी असलेला. त्याला हळदकुंकू लावलं, टॉवेलात गुंडाळलं आणि हँडबॅगेत ठेवलं. पुढच्या सगळ्या विमानप्रवासात ती बॅग तिनं मांडीवरून खाली ठेवली नाही.

मायामीच्या विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं विचारलं, "फळं, भाज्या, बिया वगैरे काही?"

मंदाला उत्तर माहीत होतं. तिनं नुसतं हसायचं ठरवलं होतं. पण लक्ष्मीकांतरावांनी आयुष्यात कुठल्याही सरकारपासून काही लपवलं नव्हतं. मंदाचा पाय त्यांच्या पायावर पडेपर्यंत त्यांनी छाती पुढे काढून सांगून टाकलं होतं, "येस सर! वन कोकोनट!"

अधिकारी भला माणूस होता. त्यानं नारळ हातात घेतला, फिरवला, शेंडी धरून हलवला. म्हणाला, हा केसाळ भाग काढून टाकतो, मग न्या खुशाल.

"नो, नो सर!" लक्ष्मीकांतराव घाबरून म्हणाले. "हेअर इज कम्पल्सरी."

अधिकाऱ्यानं विचारलं, का? आता शेंडीशिवायचा नारळ देवाला चालत नाही, हे इंग्रजीत कसं सांगायचं? लक्ष्मीकांतरावांनी प्रयत्न केला. "सर, विदाउट हेअर, गॉड विल नॉट टेक." अधिकाऱ्यानं त्यांच्या स्वतःच्या टकलाकडे एक नजर टाकली. मागे रांग वाढत होती. शेवटी मंदाच म्हणाली, "ठेवून घ्या म्हणावं. शेंडी काढलेला नारळ मी बाबांच्या नावानं सोडायची नाही." हळदकुंकवाचा तो नारळ, ज्यानं अर्धी पृथ्वी मंदाच्या मांडीवर बसून काढली होती, तो एका निळ्या डब्यात गेला.

बंदरावर समुद्र दिसत होता, पण तिथवर कुणाला जाऊ देत नव्हते. सगळीकडे काचा, पट्टे आणि हसतमुख माणसं. नारळ नाही, गाऱ्हाणं नाही, आणि बोटीवर पाय पडला.

"माजाच चुकला. काय व्हायचा ता होवंदे," मंदा म्हणाली.  मंदा मालवणीत बोलायला लागली की समजायचं, बाई एक तर फार आनंदात आहे नाहीतर फार दुःखात. आणि हा आनंद नव्हता.

त्यानंतर जे जे बिघडलं ते सगळं नारळाच्या खात्यावर पडलं. लक्ष्मीकांतरावांची बॅग कुठल्या तरी भलत्या केबिनला गेली. कोट-टाय बॅगेत, आणि पहिल्याच रात्री बोटीवर म्हणे सगळ्यांनी नटूनथटून जेवायला यायचं. हाताशी होता तो एकच टी-शर्ट, मंदाच्या क्लिनिकच्या मधुमेह दिनाचा. छातीवर इंग्रजीत आणि अरबीत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: 'मला तुमच्या साखरेबद्दल विचारा.' झुंबरांखाली, मोत्यांच्या माळा घातलेल्या बायकांच्या मधून लक्ष्मीकांतराव चालत गेले. आणि माणसं खरंच विचारायला आली हो! टेक्सासचे एक आजोबा तर आपले सगळे रिपोर्ट तोंडपाठ म्हणून दाखवायला लागले. उत्तरं मंदानं दिली. "पुडिंग सोडा" असं तिनं टेबलावरच्या चौघांना सांगितलं, आणि चौघांनी तोंडं पाडून सोडलंही.

दुसऱ्या दिवशी बोट बडा हिलली. बिल्कीस आपांची आठवण काढत लक्ष्मीकांतराव आडवे झाले ते आलं चघळतच. मंदाला ढिम्म काही झालं नाही. दर्यावर्दी बापाची लेक ती. कठड्याशी उभी राहून ती समुद्राकडे बघायची. बोलायची कमी. नवऱ्याच्या कपाळाला ओला रुमाल लावायची आणि पुन्हा बाहेर जाऊन उभी राहायची.

आडव्या अवस्थेत लक्ष्मीकांतरावांनी विचार केला. देव, शकुन, नारळ या सगळ्यावर आपला विश्वास नाही, ठीक आहे. पण ही बाई इतकी वर्षं आपल्याबरोबर परभणीला आली, उन्हाळ्यात आली, एकदाही कुरकुरली नाही. हिला एक नारळ देता येऊ नये आपल्याला? ते तसेच उठले, भिंत धरत धरत वेटरकडे गेले आणि एक नारळ मागितला. वेटरनं आदबीनं उंच ग्लासात पिवळसर दूध आणलं, वर अननसाची फोड आणि कागदी छत्री. नारळ होता, पण विरघळलेला. अख्खा मिळाला असता तरी उपयोग नव्हता. बोटीवरून समुद्रात काही टाकाल तर पुढच्या बंदरावर उतरवून देतील, असंही त्यानं वर सांगितलं.

"उद्या जमैका," खोलीत येऊन लक्ष्मीकांतराव म्हणाले. "माडांचा देश आहे. नारळाला काय तोटा? बघच तू."

जमैकात उतरल्यावर त्यांची सहल छोट्या बसनं होती. आधी धबधबा, मग बाजार, मग समुद्रकिनारा. ड्रायव्हर धिप्पाड आणि आनंदी होता. लक्ष्मीकांतरावांचा हात हातात घेऊन म्हणाला, "वेलकम! या मॉन!"

"नो, नो. नॉट यमन," लक्ष्मीकांतरावांनी लगेच दुरुस्ती केली. "इंडिया. वर्किंग इन कुवेत."

"या मॉन!" ड्रायव्हर खुशीत म्हणाला.

"नॉट यमन! कुवेत, कुवेत! यमन इज डिफरंट कंट्री."

कुवेतमध्ये इतकी वर्षं काढलेल्या माणसाला आपण येमेनचे ठरावं हे कसं खपावं? धबधबा येईपर्यंत हा वाद चालू होता. शेवटी टेक्सासच्या आजोबांनी मध्ये पडून सांगितलं की 'या मॉन' म्हणजे इथे नुसतं 'हो बाबा'. लक्ष्मीकांतराव खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर माडच माड होते.

बाजारात उतरल्या उतरल्या ते पहिल्या नारळवाल्याकडे धावले. "वन कोकोनट, प्लीज. डोंट..." पुढचा शब्द तोंडातून निघायच्या आत कोयता खट्कन बसला, वरचा भाग उडाला, आत नळी खोचली गेली आणि शहाळं त्यांच्या हातात आलं. फोडलेला नारळ समुद्राला कसा द्यायचा? दोघांनी पिऊन टाकला. दुसऱ्याकडे गेले. "डोंट कट!" खट्. त्या माणसाला वाटलं, म्हातारा घाई करतोय. तिसऱ्याकडे लक्ष्मीकांतरावांनी तोंडानं न बोलता हातानं नारळ झाकला, तर त्यानं हसत त्यांचा हात बाजूला केला. खट्. माडांनी भरलेल्या त्या मुलुखात एक न फोडलेला नारळ मिळेना! दोघांची पोटं डब्ब झाली. मंदाला मात्र पहिल्यांदाच हसू फुटलं.

"बाबा म्हणायचे, पाडूक कोण नाय!" ती म्हणाली. "अवो, हंयसर तर पाडूक नि फोडूक सगळो गाव उभो आसा!"

"आणि शहाळंच मिळालं तर? न फोडलेलं?" लक्ष्मीकांतरावांनी आशेनं विचारलं.

"शहाळं नव्हे हो. नारळ. शेंडीचा."

तेवढ्यात ड्रायव्हर त्यांना शोधत आला. बसमध्ये सगळे वाट बघत होते. लक्ष्मीकांतरावांनी त्याला खुणांनी, इंग्रजीनं आणि थोड्या अरबीनंही सांगितलं, सुका नारळ, सालासकट, अख्खा. ड्रायव्हरला कळलं. "आहा, राइस अँड पीज!" म्हणून त्यानं बस वाटेत आपल्या मावशीच्या घराशी थांबवली. मावशीच्या परसात नारळांचा ढीग होता. त्यांच्याकडे भातात नारळाचं दूध घालतात म्हणे. ते ऐकून मंदा त्या मावशीकडे सख्ख्या बहिणीसारखी बघायला लागली.

ड्रायव्हर नारळ सोलायला बसला. तो सगळं साल काढून गुळगुळीत गोटा करणार हे दिसताच मंदा पुढे झाली. "दी हंय," म्हणून तिनं त्याच्या हातातला कोयता घेतला, उकिडवी बसली आणि चार घावांत, दोन पिळांत नारळ सोलला. वर नीट टोकदार शेंडी ठेवून. क्लिनिकमध्ये हातमोजे घालून काचेच्या नळ्या उचलणारी ही बाई! बसच्या खिडक्यांतून टाळ्या पडल्या. लक्ष्मीकांतराव तोंडाचा आ करून बघत राहिले. इतक्या वर्षांच्या संसारात हे आपल्याला कसं माहीत नव्हतं?

आता सगळ्या बसला उत्सुकता. किनारा आला तशी सगळी मंडळी खाली उतरली, टेक्सासचे आजोबा सर्वांत पुढे. मंदानं नारळ नवऱ्याच्या हातात दिला आणि डोक्यावरून पदर घेतला. लक्ष्मीकांतरावांनी खिशातून कागद काढला. कागद धबधब्याच्या तुषारांनी भिजून लगदा झाला होता.

 बटाट्यांसमोर धडाधड येणारं गाऱ्हाणं इथे एका ओळीच्या पुढे आठवेना. समोर समुद्र, मागे परके लोक, बाजूला मंदा. तिनं डोळे मिटले होते.

"रे बा देवा म्हाराजा!" ते ओरडले, आणि थांबले. 

"या मॉन!" मागून ड्रायव्हर जोरात म्हणाला.

लक्ष्मीकांतरावांनी वळून पाहिलं. तो अगदी मनापासून उभा होता, टोपी काढून. त्यांच्या पोटातून काहीतरी वर आलं. पाठांतर गेलं खड्ड्यात, ते म्हणाले मनाशी, आणि सरळ परभणीच्या बोलीत सुरू झाले.

"आम्ही लई लांबून आलाव रे म्हाराजा!"

"या मॉन!" आता ड्रायव्हरबरोबर चारदोन आवाज.

"मी परभणीकडचा माणूस. माझं आन् पाण्याचं कधी जमलंच नाही. तरी हिच्यापायी आलाव रे म्हाराजा!"

"या मॉन!"

"आधी नारळ द्यायचा सोडून बोटीवर चढलाव. चूक माझी. मीच त्या सायबाला सांगून बसलो. तिच्यावर राग धरू नको रे म्हाराजा!"

"या मॉन!" सगळी बस ओरडली.

"हिचा बाप तुझ्या अंगावरून गेला आन् आला. दर खेपेला तू त्याला घरी धाडलंस. त्यानं लेकीच्या नावानं एक नारळ तुझ्याकडं दिला होता. तो तू कुठं ठेवलास ते तुला ठाऊक. आम्ही मागायला आलो नाही. आता लेकीनं बापाच्या नावानं एक आणलाय, तेवढा त्याच्यापर्यंत पोचव रे म्हाराजा!"

"या मॉन!" आणि त्या गदारोळात एक बारीक, भरलेला आवाज लक्ष्मीकांतरावांना वेगळा ऐकू आला. "होय म्हाराजा."

त्यांनी नारळ फेकला. लाट आली आणि नारळ परत त्यांच्या बुटांशी आणून ठेवला. पुन्हा फेकला. पुन्हा परत. लोक हसायला लागले. मंदाही हसत होती, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि नजर नारळावरून हलत नव्हती. तेव्हा लक्ष्मीकांतरावांनी बूट काढले. बादलीतल्या पाण्याव्यतिरिक्त कुठल्याही पाण्यात ते जन्मात उतरले नव्हते. घोट्यापर्यंत गेले, गुडघ्यापर्यंत गेले, "माय गं, माय गं" करत कमरेपर्यंत गेले. एक लाट त्यांच्या चष्म्यावरून गेली. तरी ते पुढेच. छातीशी धरलेला नारळ त्यांनी लाटांच्या पलीकडे अलगद सोडला, जसं पाळण्यात लेकराला ठेवावं तसा.

नारळ डुलला, शेंडी वर करून जरा वेळ तिथेच घुटमळला, आणि निघाला.

ते परत आले तेव्हा मंदानं आपल्या पदरानं त्यांचं डोकं पुसलं. सगळ्यांसमोर. "बाबा असते तर म्हणाले असते," ती म्हणाली, "घाटी आसा, पण घाबरत नाय."

"घाबरलो होतो की," लक्ष्मीकांतराव म्हणाले.

"म्हायत आसा माका," मंदा म्हणाली, आणि हे मालवणी आनंदाचं होतं.

बोट चुकता चुकता राहिली, चष्मा खारट झाला, आणि त्या दिवसापासून बोटीवर औंढेकर दांपत्याला जो तो भेटेल तो "या मॉन!" म्हणून हात करायला लागला. लक्ष्मीकांतराव आता दुरुस्ती करत नव्हते. परतीच्या प्रवासात मंदानं तीन वेळा पुडिंग खाल्लं.

कुवेतला आल्यावर परबांनी सगळी हकीकत ऐकली आणि येत्या गणपतीचं गाऱ्हाणं भावजींनी घालायचं असं परस्पर जाहीर करून टाकलं. बिल्कीस आपांनी एवढंच विचारलं, "उल्टियाँ हुए?" "हुए," म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं. टेक्सासच्या आजोबांनी किनाऱ्यावर काढलेला व्हिडिओ पाहून अंतरानं "बाबा, ओ माय गॉड" एवढंच लिहिलं, पुढे खूप बदाम पाठवले.

मग एका शुक्रवारी सकाळी परब सालमियाच्या किनाऱ्यावर फिरायला गेले होते. बघतात तर लक्ष्मीकांतराव पॅन्ट दुमडून, मान खाली घालून, पाण्याच्या कडेकडेनं चाललेले. मध्येच वाकायचे, वाहून आलेलं काहीतरी पायानं उलटं करून बघायचे आणि पुढे जायचे. मंदा मागे बाकावर थर्मास घेऊन बसली होती.

"भावजींनू, काय हरवला काय?" परबांनी विचारलं.

"नाही हो," लक्ष्मीकांतराव जरा लाजून म्हणाले. "हिचा एक नारळ यायचाय. म्हटलं, आता पत्ता बदललाय ना."